तिसाव्या पानावरचा खुनी

आमच्या सान्ता एदुविहेस गावात जेवणं उरकून दुकानांची शटरं एकदा खाली आली, की चारपर्यंत कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत. उरुग्वेत बाकी ठिकाणी या वेळात लोक झोपतात. आमच्याकडे खून होतात. घरोघरी, पलंगावर आडवं पडून, पंखा लावून. कुणी विषप्रयोगात गुंतलेलं असतं, कुणी बंद खोलीतल्या प्रेतापाशी अडकलेलं. चार वाजले की सगळे उठतात, तोंड धुतात, येर्बा या चहासारख्या पत्तीवर ओतायला पाणी तापवतात, थर्मास काखेत मारतात आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं कामाला लागतात.

हे खून पुरवायचं काम आदेमारचं. बसस्थानकासमोर त्याची पत्र्याची टपरी आहे. वाचलेली कादंबरी द्यायची, वर थोडे पेसो ठेवायचे आणि न वाचलेली घेऊन जायची. नवा माल क्वचितच येतो, त्यामुळे एकच खून आधी न्हाव्याकडे होतो, मग पाद्र्याकडे, मग शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे.

अडचण एकच. रहस्यकथांची नावं सगळी सारखी. 'तळघरातलं प्रेत', 'प्रेताखालचं तळघर', 'तळघर, प्रेत आणि मी'. मुखपृष्ठावरही तीच किंचाळणारी बाई, फक्त केसांचा रंग वेगळा. आपण हे वाचलंय की नाही, हे कळायचं कसं? म्हणून आमच्याकडे रीत आहे, की वाचणाऱ्यानं तिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीनं आपली खूण काढायची. टपरीवर पुस्तक हातात घेतलं की आधी तिसावं पान उघडायचं. आपली खूण दिसली तर परत ठेवायचं.

सान्दालियो न्हावी कात्री काढतो. पाद्री घंटा काढतो, क्रॉस काढत नाही, कारण तो म्हणतो की देवाला यात ओढायला नको. माझी निबिया मावशी कोंबडी काढते. एक खूण छत्रीच्या मुठीसारखी होती, ती कुणाची ते कोणालाच माहीत नव्हतं. आदेमारला माहीत असावं, पण गिऱ्हाइकांच्या खुणांबद्दल तो पाद्र्यापेक्षाही कमी बोलतो. आणि एक खूण होती मेलेल्या गांडुळासारखी. वळवळत आलेली आणि समासातच प्राण सोडलेली.

खूण शेवटच्या पानावर का नाही, असं बाहेरगावचे लोक विचारतात. शेवटचं पान आधी उघडणं आमच्याकडे लंगोटीवर प्रार्थनेला जाण्यासारखं मानतात. एक साखरपुडा मोडलाय त्यावरून. मुलाकडच्यांनी कारण विचारलं तेव्हा मुलीचा बाप एवढंच म्हणाला, "तो मागून वाचतो." मुलाकडचे खाली मान घालून निघून गेले.

मी निबिया मावशीकडे राहतो. पशुवैद्यकीचं शिक्षण मी मधेच सोडलं. की शिक्षणानं मला सोडलं, यावर घरात मतभेद आहेत. मावशीचा या गावात मान होता तो तिसाव्या पानामुळेच. रोज दुपारी ती तिसाव्या पानापर्यंत यायची, कोंबडी काढायला थांबायची, पुस्तक मिटायची आणि खुनी कोण ते घरभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायची. पुढची पानं ती वाचायची ती फक्त लेखकाला आपलं म्हणणं पटतंय का ते बघायला.

बहुतेक वेळा लेखकाला पटायचं. नाही पटलं तर ती चष्मा काढून म्हणायची, "लेखक चुकला."

तिची पद्धत साधी होती. "जो कारण नसताना चांगला वागतो, तो." या पद्धतीमुळे ती शेजाऱ्यांनी आणलेला केकही आधी मांजरीला घालायची.

एल्बियो काका, म्हणजे तिचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी नदीवर मासे पकडायला जात. खांद्यावर पिशवी, हातात गळाची काठी. मासा मात्र कधी आला नाही. चारला परत आले की म्हणायचे, "आज नदीला मासेच नव्हते." जणू नदी दुकान आहे आणि माल संपलाय. कादंबऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. "खोट्या माणसांच्या खोट्या भानगडी!" मासा न मिळालेला माणूस हे फार ठामपणे बोलतो.

पाऊस असला की काका घरी. मग मावशी पलंगावर पुस्तक घेऊन पडलेली आणि काका शेजारी बसून गांडुळांविषयी बोलताहेत, असा देखावा असायचा. कुठलं गांडूळ कुठल्या माशाला आवडतं, कुठल्या मातीतलं चांगलं, कुठल्याला काय वास येतो. मावशी एकदा मला म्हणाली, "बाळा, पुस्तकं नसती ना, तर खरा खून याच घरात झाला असता, आणि तो ओळखायला तीस पानं लागली नसती."

मावशीचं एक गुपित होतं. तिचे डोळे. पशुवैद्यकीत मी बाकी काही शिकलो नसेन, पण गाईच्या डोळ्यावर एक अख्खं सत्र होतं. मावशीच्या बुबुळावर दुधाळ साय आली होती. गाय असती तर मी कुणाला तरी विचारून सांगितलं असतं. छापील अक्षर ती भिंगाखाली धरून वाचायची, पण पेन्सिलीची फिकट रेघ तिला दिसत नव्हती. स्वतःची कोंबडी ती अंदाजानं काढायची. अलीकडे कोंबड्या समास सोडून मजकुरावर चढायला लागल्या होत्या.

हे कळलं असतं तर तिची लाल मोपेड गेली असती. मोपेडचा परवाना देण्याआधी डॉक्टर दार्दो एचेवेर्री डोळे तपासतात आणि तिचा परवाना पुढच्याच महिन्यात संपत होता. "हात लाव या मेजाला आणि शपथ घे," मावशीनं मला बजावलं. "मला दिसतं."

"तुला दिसतं," मी शपथ घेतली. मेज दोन हात पलीकडे होतं.

मग एका मंगळवारी वाल्किरियानं टपरीवर बॉम्ब टाकला.

वाल्किरिया म्हणजे आमची औषधवाली. गावात एकच औषधाचं दुकान आणि तिचा आवाज गावभर पुरेल असा. मी मावशीला मोपेडवरून घेऊन, म्हणजे मावशी मला मोपेडवरून घेऊन, टपरीवर पोचलो तेव्हा ती 'प्रेताखालचं तळघर' फळीवर आपटत होती.

"आदेमार, हा काय नालायकपणा आहे? तिसाव्या पानावर खुन्याचं नाव लिहिलंय!"

"नाव? नाव नाही हो, खुणा असतात तिथं..."

"ही बघ!" तिनं मेलेल्या गांडुळावर बोट ठेवलं. "हे काय आहे? 'माळी'! स्पष्ट लिहिलंय. माळीच निघतो शेवटी!"

सान्दालियोनं मान वाकडी करून पाहिलं, मग दुसरीकडून वाकडी केली. "अरे, माळीच की!"

मग सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना माळी दिसला. मीही पाहिला. मला तर खुरपंसुद्धा दिसलं.

"आणि हे एकच पुस्तक नाही," वाल्किरिया म्हणाली. "मी कालपासून घरातली सगळी उघडून बघतेय. प्रत्येकात! भाचा, नर्स, पोस्टमन. कित्येक महिने मला शेवट आधीच कळत होता. माझ्या नकळत नजर जायची आणि डोक्यात नाव बसायचं. मला वाटत होतं, मी हुशार झालेय!" तिनं पुस्तक पुन्हा आपटलं. "मी भावाला फोन करून सांगितलं होतं तसं."

हुशार झाल्याचा गैरसमज असा चारचौघांत उतरणं वाईटच.

मग तिनं हळूहळू मान वळवली आणि मावशीकडे पाहिलं. "तिसावं पान. या गावात तिसाव्या पानावर खुनी कोणाला सापडतो?"

मावशी हेल्मेट घालून उभी होती. हेल्मेट घातलेला माणूस मुळातच दोषी दिसतो.

"वाल्किरिया, नीट बोल. मी ओळखते."

"ओळखतेस की वाचतेस? एक तर तू लिहितेस, नाहीतर तू वाचतेस. तिसरं काही असेल तर सांग!"

तिसरं काही होतं. मावशीनं तोंड उघडलं, लाल मोपेडकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

सान्दालियो तिच्या तर्कावर आल्फाहोर बिस्किटांच्या पैजा लावत आलेला माणूस. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "निबियाबाई," तो म्हणाला, "मी तुमच्या भरवशावर पाद्र्याचे किती आल्फाहोर खाल्लेत... ते मी आता कसे परत करू?"

ठरलं असं, की रविवारी पाच वाजता टपरीसमोर सगळ्यांनी जमायचं आणि निकाल लावायचा. मावशी दोषी ठरली तर टपरी तिला कायमची बंद. तोपर्यंत तिला रहस्यकथा द्यायची नाही. डॉक्टर दार्दो नळीतून येर्बाचे घोट घेत बसले होते. गावातले सगळ्यात सुशिक्षित म्हणून निकालाला बसायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी "प्रकृती बरी नाही" असं सांगून पाहिलं, पण आमच्याकडे डॉक्टरनं असं म्हटलेलं कोणी मनावर घेत नाही.

"रहस्यकथा नाही म्हणजे मी दुपारी करू काय?" मावशीनं आदेमारला विचारलं.

आदेमार ओशाळून खाली वाकला आणि फळीच्या टेकूला लावलेलं जाडजूड पुस्तक उपसून त्यानं तिला दिलं. फळी एका बाजूला कलली. "अभिजात आहे. तिसावं पान कोरं आहे. कोणी तिथवर गेलेलंच नाही."

घरी आल्यावर मी म्हटलं, "मावशी, रविवारी सरळ सांग ना, की तुला पेन्सिल दिसतच नाही. विषय संपला."

"आणि मोपेड?"

"मोपेड जाईल. पण पुस्तकं राहतील."

"मोपेड गेली तर टपरीवर जाऊ कशी? ती टपरी चढावर आहे, माझा गुडघा बघ. आणि नाही सांगितलं तर मोपेड आहे, पण जायला टपरी नाही." ती खुर्चीत बसली. "एक पाय देतेस की दुसरा, असं विचारतायत ते मला."

त्या आठवड्यात मावशी अभिजात साहित्य वाचत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसाव्या पानावर आली, कोंबडी काढली, पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"खुनी कोण?" मी विचारलं.

"अजून कोणी मेलंच नाहीये."

शुक्रवारपर्यंत ती पाचशे पानांवर पोचली. एक घराणं होतं, त्यात तीन बहिणी, एक घोडा, एक कॅप्टन. प्रेत नव्हतं. "कॅप्टनवर माझा डोळा आहे," ती म्हणाली. "दर पन्नास पानांनी येतो, चहा पितो आणि चांगलं वागून निघून जातो. कशासाठी?" मग थोड्या वेळानं, "धाकटी फार रडते रे. पण तिचं काही चोरीला गेलेलं नाही. मोठी गप्प आहे आणि सगळं तिचंच गेलंय." ती पुस्तक छातीवर ठेवून छताकडे बघत राहिली. मला वाटलं झोपली. पण म्हणाली, "बरं आहे पुस्तक. प्रेत नसल्यामुळे बाकीच्यांकडे बघायला वेळ मिळतो."

शनिवारी पाऊस आला. काका घरी होते. जेवणापासून संध्याकाळपर्यंत गांडुळं चालली. मधेच काकांनी, गांडुळांवरून नजर न काढता, विचारलं, "मग रविवारी तुला काय करतायत म्हणे?"

"टपरी बंद करतायत."

"म्हणजे घरात पुस्तकं येणारच नाहीत?"

"नाही."

काकांचा चेहरा पडला. मला तेव्हा वाटलं, बायकोवरचं प्रेम. उतारवयात माणूस मऊ होतो, असं मी मनात नोंदवूनही ठेवलं.

रविवारी पाच वाजता टपरीसमोर सगळं गाव थर्मास घेऊन हजर. खुर्च्या ज्यानं त्यानं घरून आणलेल्या. कोणीतरी तळलेल्या पुऱ्या आणल्या होत्या, वर साखर भुरभुरवून. खुनाच्या चौकशीला इतकी गर्दी आमच्या कादंबऱ्यांतही नसते. डॉक्टर दार्दो मधोमध बसले होते, घामाघूम. त्यांचा रक्तदाब वरच असतो आणि हे सगळ्यांना माहीत आहे, कारण ते स्वतःच पेशंटना स्वतःचं उदाहरण देतात.

वाल्किरियानं आरोप पुन्हा वाचला. गर्दीसाठी थोडा वाढवून.

"निबियाबाई," डॉक्टर म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे?"

मावशी उठली. तिचा हात मोपेडच्या किल्लीवर होता. आता किल्ली डॉक्टरांच्या हातात देणार आणि 'मला दिसत नाही' म्हणणार, अशी माझी खात्री झाली.

"मला एक पुस्तक द्या," ती म्हणाली. "ती गांडुळाची खूण असलेलं. पण वाल्किरियानं न वाचलेलं."

आदेमारनं फळीवरून एक काढून तिसावं पान उघडून दिलं. मावशीनं ते गंभीरपणे न्याहाळलं, "हं" म्हणाली आणि पुस्तक सान्दालियोकडे दिलं.

"वाच. काय लिहिलंय?"

सान्दालियोनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "हे... 'वासरू' आहे का?"

"वासरू खुनी?"

"मग 'वाघ' असेल."

"पाद्रीबाबांना द्या."

पाद्र्यानं बराच वेळ पाहिलं. "मला हे कुठल्यातरी संताचं नाव वाटतंय. पण असा संत झाला असता तर मला माहीत असतं."

पुस्तक खुर्च्याखुर्च्यांवरून फिरलं. मुख्याध्यापिकेला एक गणित दिसलं. कोणाला 'रविवार' दिसला. मला या वेळी काहीच दिसलं नाही. कोणीतरी आधी 'माळी' म्हणून सांगावं लागतं, मग खुरपं दिसतं.

"आता वाल्किरियाला द्या."

वाल्किरियानं पुस्तक नीट हातातही घेतलं नव्हतं. "मेहुणा. जेवणानंतर. पाण्यातून."

गर्दीत कुजबुज झाली. आदेमारनं घाईघाईनं शेवटचं पान उघडलं, आणि तो उघडतोय म्हटल्यावर बायकांनी पोरांचे डोळे झाकले. "मेहुणाच आहे," तो पुटपुटला. "जेवण झाल्यावर, पाण्यातून विष."

"बघा," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता तिसाव्या पानावरचा झाला होता. "इतकी वर्षं ही पुस्तकं गावात फिरतायत. सान्दालियो कधी ओरडला? पाद्रीबाबा ओरडले? ओरडली फक्त वाल्किरिया, कारण वाचता फक्त तिलाच येतं. मग मी वाचून ओळखायचे, हे कसं? मला तर ते गांडूळ आहे, असंच हा पोरगा सांगत आला होता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"राहिला प्रश्न लिहितं कोण," मावशी पुढे म्हणाली. "वाल्किरिया, मला सांग. या गावात असं कुणाचं अक्षर आहे, जे तुझ्याशिवाय कोणालाच वाचता येत नाही? आणि कोण प्रत्येक गोष्टीखाली लिहितं, 'जेवणानंतर, पाण्यातून'?"

वाल्किरियाचा हात तोंडावर गेला. आयुष्यभर ती हेच अक्षर वाचत आली होती, दिवसातून पन्नास वेळा, इतक्या सवयीनं की ते कुणाचं आहे हा प्रश्नच पडला नव्हता. गर्दीतल्या खुर्च्या एकेक करून करकरल्या. सगळ्या डॉक्टरांकडे वळल्या.

डॉक्टर दार्दोंनी नळीतून एक घोट घेतला. पाणी संपलं होतं, नुसता खुर्र आवाज आला.

"माझा रक्तदाब," ते म्हणाले.

खुर्च्या वळलेल्याच राहिल्या.

"मला उत्कंठा चालत नाही हो! मोंतेविदेओच्या डॉक्टरनं बजावलंय. आणि पुस्तकं तर सोडवत नाहीत. मग मी... मी आधी..." त्यांनी डोळे मिटले. "मी शेवटचं पान आधी बघतो."

मुख्याध्यापिका उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं, बहुतेक पाद्रीच.

"आणि एकदा खुनी कळला, की मग मन लावून वाचता येतं. मेहुणा स्वयंपाकघरात जातोय, कुणाला पत्ता नाही, मला पत्ता आहे. फार छान वाटतं. आणि पुस्तकं सगळी सारखीच, नावं सारखी, बाया सारख्या. माझ्या लेखी पुस्तकाची ओळख एकच, खुनी कोण. तीच माझी खूण. दुसऱ्याला वाचता येईल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आयुष्यात माझं अक्षर कुणी वाचलं नाही! मला स्वतःला सुद्धा कधीकधी औषधाच्या दुकानात जाऊन विचारावं लागतं."

"हो," वाल्किरिया म्हणाली. "येतात ते विचारायला."

डॉक्टरच गुन्हेगार निघाल्यामुळे आदेमारनं निकाल सांगितला: मावशी निर्दोष. डॉक्टरांनी यापुढे खूण म्हणून थर्मामीटर काढायचा. टाळ्या पडल्या. सान्दालियो धावत पाद्र्याकडे गेला आणि म्हणाला, "आल्फाहोर परत मिळणार नाहीत." मावशीनं किल्ली पर्समध्ये टाकली.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. हरलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. डॉक्टरचा होता. "निबियाबाई, मघाशी तुम्ही ते पान न्याहाळलंत ना, 'हं' म्हणून?"

"न्याहाळलं की."

"पुस्तक उलटं होतं."

मावशीनं पर्स काखेत दाबली.

"मी तिसाव्या पानावर खुनी ओळखत नसेन," डॉक्टर म्हणाले, "पण डोळे माझ्याच खात्यात येतात. किल्ली द्या."

मावशीनं हात पुढे केला आणि किल्ली शेजारच्या माणसाच्या पुरीवर ठेवली. तिला वाटलं, ते डॉक्टरच आहेत.

महिनाभर मोपेड ताडपत्रीखाली होती. मावशीला मी मोंतेविदेओला नेऊन आणलं, एका डोळ्याची साय काढली, मग दुसऱ्याची. पट्टी असताना अभिजात पुस्तक मी वाचून दाखवलं. कॅप्टननं शेवटपर्यंत काही केलं नाही. मावशी म्हणाली, "हाच खरा पक्का. पुरावाच सोडला नाही." आणि धाकटीला जाऊ दे, मोठीचं लग्न झालं तेव्हा तिनं पट्टीखालून डोळे पुसले, जे तिला मना होतं.

गावातही एक बदल झाला. औषधाच्या दुकानात गर्दी वाढली. माणसं कोटात काहीतरी लपवून येतात, ॲस्पिरिन मागतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "वाल्किरियाबाई, जुनं पुस्तक आहे, डॉक्टरांच्या वेळचं. जरा बघता का, झोपेचा प्रश्न आहे." सान्दालियोला मी तिथं दोनदा पाहिलंय. तो म्हणाला, डोकं दुखत होतं.

पट्टी निघाल्यावर, पहिल्याच दुपारी, मावशीनं नवी रहस्यकथा घेतली. भिंग नाही, चष्मा नाही. तिसाव्या पानावर आली आणि थांबली. समासात पहिल्यांदाच तिला खुणा दिसत होत्या. कात्री, घंटा. मग तिनं घरातली बाकीची पुस्तकं मागवली, ज्यांच्यावर तिच्या स्वतःच्या कोंबड्या होत्या.

"ही कोंबडी आहे? मी ही काढली? ही तर चुरगाळलेली उशी आहे. आणि हिच्या शेजारी हे काय?"

"ती छत्रीची मूठ. कुणाची आहे ते माहीत नाही."

मावशीनं पान उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. मग दुसरं पुस्तक उघडलं, मग तिसरं. प्रत्येक कोंबडीच्या मागोमाग एक मूठ, शहाण्यासारखी समासात, कोंबडीला धक्का न लावता काढलेली.

"छत्रीच्या मुठीला," ती शांतपणे म्हणाली, "टोकाला काटा असतो का रे?"

मी पाहिलं. काटा होता. गळ होता तो.

"गाडी काढ," ती म्हणाली.

परवाना परत मिळाला होता. मावशीनं मला मागे बसवलं आणि आम्ही भर दुपारी, शटरं बंद असलेल्या गावातून, नदीकडे निघालो. वाटेत तिनं तीन खड्डे चुकवले. आधी ती ते चुकवत नसे, म्हणून मला वाटायचं की रस्ताच तसा आहे.

वळणाअलीकडे तिनं इंजिन बंद केलं. विलोच्या झाडाखाली काका बसले होते. काठी दोन दगडांत खोचलेली, दोरी पाण्यात. काकांच्या मांडीवर 'तळघर, प्रेत आणि मी'. आमची चाहूल लागताच पुस्तक गांडुळांच्या डब्याखाली गेलं. डबा रिकामा होता. गांडुळंही नुसती बोलण्यापुरतीच होती.

"काय गं?" काका म्हणाले. "इकडे कुठे?"

"मासा मिळाला?"

"छे. आज नदीला मासेच नाहीत."

मावशीनं पुढे होऊन दोरी वर ओढली. दोरीच्या टोकाला काही नव्हतं. गळ नाही, गांडूळ नाही, नुसतं टोक, स्वच्छ धुतलेलं.

"मासा लागला की सारखं उठावं लागतं," काका अखेर म्हणाले. "लिंक तुटते."

मावशीनं दोरी परत पाण्यात सोडली, काठी दोन दगडांत नीट खोचली आणि मोपेडवर बसली. हेल्मेटचा पट्टा लावला. मग मागे वळून, नदीच्या पलीकडच्या काठालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"जावई!"

"काय?"

"खून जावयानं केलाय."

"निबिया!" काका उठून उभे राहिले. "अगं, मी सोळाव्या पानावर आहे!"

आम्ही तोवर वळण पार केलं होतं.

काका तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. गांडुळांबद्दलही नाही. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ते नदीवरून आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी येर्बा प्यायच्या भोपळ्याशेजारी मेजावर ठेवलं. उघडपणे, सगळ्यांसमोर.

"जावई नव्हता," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "विहीण होती."

मावशीनं पाण्याची किटली गॅसवर ठेवली. "मग लेखक चुकला," ती म्हणाली. "बस. पहिल्यापासून सांग."